उजव्या हाताचा हिशेब

मोटारसायकलच्या शर्यतीत वेग इंजिनातून निघतो हे खरे असले, तरी शर्यतीचा निकाल बहुतेक वेळा वेग कमी करण्याच्या जागी लागतो, आणि वेग कमी करणे व तो पुन्हा वाढवणे ही दोन्ही कामे या यंत्राच्या रचनेने मुख्यतः एकाच हाताकडे, म्हणजे चालकाच्या उजव्या हाताकडे, सोपवलेली आहेत. उजव्या तळहाताखाली फिरणारी थ्रॉटलची मूठ, जिला गावाकडे सर्रास ‘रेस’ म्हटले जाते, इंजिनात जाणारी हवा आणि तिच्या प्रमाणात इंधन कमीजास्त करते. त्याच हाताच्या बोटांपुढे पुढच्या चाकाच्या ब्रेकचा लिव्हर असतो. मागच्या चाकाचा ब्रेक उजव्या पायाखाली राहतो. मोटारगाडीत गती देणारे आणि गती घेणारे दोन वेगळे पेडल असतात व पाय एकावरून उचलून दुसऱ्यावर ठेवावा लागतो. मोटारसायकलवर मात्र मनगट मागे फिरत असतानाच बोटे पुढे ताणता येतात, आणि या दोन हालचालींमधला जो सांधा असतो, तो किती गुळगुळीत जुळतो यावर व्यावसायिक रायडर आणि नुसता धाडसी तरुण यांच्यातला फरक ठरतो.

मैदान संपते ती जागा

हा हिशेब पाहण्यासाठी परतवाड्यासारखे गाव निवडणे वरवर पाहता आडवाटेचे वाटेल, कारण येथे ना सर्किट आहे, ना शर्यतीचा एखादा संघ. अचलपूरला खेटून असलेले हे गाव जुन्या एलिचपूरच्या इंग्रजी छावणीतून वाढले, सागवानाच्या बाजारामुळे नावारूपाला आले, आणि आजही मेळघाटात जाणाऱ्याला शेवटची मोठी खरेदी, शेवटचे पेट्रोल आणि शेवटचा भरवशाचा मिस्त्री येथेच गाठावा लागतो. अमरावतीकडून येणारा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता काळ्या सपाट जमिनीतून, कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागांमधून फारशी वळणे न घेता येतो. परतवाडा ओलांडले की सातपुड्याची गाविलगड रांग समोर उभी राहते आणि धामणगाव गढीकडून चिखलदऱ्याला, घटांग-सेमाडोहवरून धारणीला, तर बहिरमवरून बैतुलकडे असे रस्ते फुटतात. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशे मीटरच्या वर. म्हणजे तासाभराच्या प्रवासात गाडीला सातशे मीटरहून अधिक उंची चढावी लागते, आणि परतताना तितकीच उतरावी लागते. वऱ्हाडातल्या बहुतांश दुचाकीस्वारांनी गाडी शिकलेली असते ती सपाटीवर. घाट ही त्यांची पहिली परीक्षा, आणि तिची पूर्वतयारी सहसा कोणी करून घेतलेली नसते.

श्रावणातल्या एखाद्या रविवारी, पाऊस थोडा उघडलेला असताना, घाटाच्या खालच्या वळणांपाशी थांबून उतरणाऱ्या गाड्यांकडे पाहिले तर चालकाचा हात न दिसताही बरेच कळते, कारण ब्रेकला स्पर्श होताच मागचा लाल दिवा लागतो. काही गाड्यांचा दिवा वरच्या वळणापासून खालच्या वळणापर्यंत विझतच नाही. त्यांचा चालक पाय मागच्या ब्रेकवर ठेवून, जणू आधारच घेऊन, सारा घाट उतरत असतो. काहींचा दिवा सरळ पट्ट्यात मुळीच लागत नाही आणि वळणाच्या ऐन मध्यावर दचकल्यासारखा लागतो. फार थोड्यांचा दिवा वळणाच्या आधी लागतो, गाडी कलू लागताच मंदपणे सुटतो आणि वळणाच्या पोटातून बाहेर पडताना इंजिनाचा आवाज हळूच चढतो. दिव्याइतकाच कानही साक्ष देतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरणारी गाडी सतत गुणगुणत येते. पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी मात्र केवळ चाकांची सळसळ करीत अंगावर येते, आणि घाटातला सगळ्यात धोकादायक आवाज तोच.

या तीन प्रकारच्या लाल दिव्यांत शर्यतीच्या तंत्राची बाराखडी सामावलेली आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

टायरची शिल्लक

मोटारसायकल रस्त्याला धरून असते ती दोन टायरांच्या तळव्यांएवढ्या ठिपक्यांनी. गती वाढवणे, गती कमी करणे आणि दिशा बदलणे ही तिन्ही कामे त्या दोन ठिपक्यांच्या पकडीतूनच भागवावी लागतात, आणि ही पकड मर्यादित असते. अभियंते ती वर्तुळाने दाखवतात: वर्तुळाच्या केंद्रातून वर काढलेली रेघ म्हणजे थ्रॉटलने मागितलेले बळ, खाली काढलेली ब्रेकने मागितलेले, आणि डावी-उजवीकडची रेघ वळण्यासाठी लागणारे. तिरकी रेघ, म्हणजे एकाच वेळी ब्रेक आणि वळण, चालते. परंतु रेघेचे टोक वर्तुळाबाहेर गेले की टायर घसरतो. सरळ रस्त्यावर सगळी पकड ब्रेकला देता येते, पूर्ण कललेल्या गाडीत ब्रेकसाठी जवळपास काहीच उरत नाही, आणि या दोन अवस्थांच्या मधल्या प्रत्येक क्षणी किती शिल्लक आहे याचा अंदाज घेत राहणे हेच रायडरचे काम असते.

सर्किटवर हे वर्तुळ बऱ्यापैकी स्थिर असते, कारण डांबर एकसारखे, स्वच्छ आणि सरावाने ओळखीचे असते. घाटात ते दर शंभर मीटरला आकार बदलते. पावसाळ्यात दरडीकडून वाहून आलेली लाल माती, ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल, वळणाच्या बाहेरच्या कडेला साचलेली बारीक चुरी, हिवाळ्याच्या शेवटी सागाने ढाळलेली परातीएवढी पाने, आणि त्यांच्याखाली रात्रीच्या दवाने राहिलेला ओलावा. यांतले प्रत्येक कारण पकड निम्म्यावर आणू शकते. शर्यतीतला रायडर वर्तुळाच्या काठावरून चालतो ते त्याला काठ कुठे आहे हे माहीत असते म्हणून. त्याची नक्कल घाटात करणाऱ्याला काठ दिसतच नाही, ही गोष्ट वेगाच्या चित्रफिती पाहून भारावणाऱ्यांच्या लक्षात आणून देण्याची फार गरज आहे.

पुढच्या चाकाचे वजन

वऱ्हाडात, आणि खरे तर सगळ्या देशात, दुचाकी शिकणाऱ्याच्या मनावर एक गोष्ट ठसवली जाते: पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील. ही भीती अगदीच निराधार नाही, पण तिने केलेले नुकसान तिच्यामुळे टळलेल्या अपघातांपेक्षा कितीतरी मोठे असावे. गाडी थांबू लागली की तिचे आणि स्वाराचे वजन पुढे सरकते. दोन चाकांमधले अंतर सुमारे १.३ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ०.६ मीटर धरला, तर गुरुत्वाकर्षणाच्या सत्तर टक्के इतक्या जोराने ब्रेक लावताना एकूण वजनापैकी जवळपास एक तृतीयांश भाग मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर जातो. म्हणजे उभ्या गाडीत निम्मे-निम्मे असलेले वजन पुढे ऐंशी टक्क्यांच्या वर आणि मागे वीस टक्क्यांच्या खाली असे विभागले जाते. ज्या चाकावर वजन नाही त्याचा ब्रेक कितीही जोरात दाबला तरी ते फक्त जागच्या जागी अडकून घसटत जाते. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन्ही ब्रेक नीट वापरणारी गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण २० मीटरमध्ये थांबते. केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणाऱ्या गाडीला त्याच्या दुप्पट, चाळीसेक मीटर लागतात. घाटातल्या वळणावर समोरून एसटी येत असेल, तर हा वीस मीटरचा फरक पुरेसा बोलका आहे.

मात्र वजन पुढे सरकायला वेळ लागतो, आणि व्यावसायिक तंत्राचा गाभा या क्षणात आहे. पुढचा ब्रेक एकदम करकचून दाबला तर वजन पुढच्या टायरवर येण्याआधीच ब्रेकचे बळ येते, टायर अडकतो आणि चाक हातातून निसटते. म्हणून रायडर पहिल्या स्पर्शात फक्त पॅड डिस्कला टेकवतो, पुढच्या फोर्कच्या स्प्रिंगा दबू देतो, टायरचा तळवा रस्त्यावर पसरू देतो, आणि मगच पूर्ण दाब देतो. ही सारी क्रिया सेकंदाच्या अंशात उरकते, पण तिच्यात दोन टप्पे असतातच. शंकरपटातला कसलेला धुरकरीही कासरा हिसक्याने ओढत नाही, आधी त्याचा ढिलेपणा काढून घेतो आणि मग जोर लावतो. रायडरच्या बोटांचे काम त्याच जातीचे आहे. शर्यतीत बहुतेक रायडर लिव्हरवर एक किंवा दोनच बोटे ठेवतात, उरलेली मुठीवर असतात, कारण दाब कमी होत असतानाच मूठ फिरवायची वेळ येणार असते.

वळणात शिरताना

जुन्या पाठ्यक्रमात नियम सोपा होता: सरळ रेषेत ब्रेक लावावा, ब्रेक पूर्ण सोडावा, मग गाडी कलवावी. सुरुवात करणाऱ्यासाठी तो आजही उत्तम नियम आहे. परंतु शर्यतीत या पद्धतीचा एक तोटा असतो. ब्रेक सोडला की फोर्कच्या स्प्रिंगा उसळून गाडीचे नाक वर येते, पुढच्या टायरवरचे वजन घटते, आणि नेमक्या त्याच क्षणी त्या टायरकडून वळण्याची अपेक्षा केली जाते. यावर तोडगा म्हणून ट्रेल ब्रेकिंग हे तंत्र रुळले. त्यात वळणात शिरतानाही ब्रेक थोडा राखला जातो आणि गाडी जसजशी अधिक कलते तसतसा तो अंशाअंशाने सोडला जातो. वळणाचा सर्वांत आतला बिंदू, ज्याला एपेक्स म्हणतात, तिथे पोहोचेपर्यंत लिव्हरवर बोटाचा केवळ भार उरतो. मघाच्या वर्तुळाच्या भाषेत सांगायचे तर ब्रेककडून काढून घेतलेली पकड तितक्याच मापाने वळणाकडे वळती केली जाते. १९७८ ते १९८० अशी सलग तीन वर्षे ५०० सीसी गटाचा विश्वविजेता ठरलेला अमेरिकन रायडर केनी रॉबर्ट्स आणि १९८३ व १९८५ मध्ये तोच मान मिळवणारा फ्रेडी स्पेन्सर यांच्या पिढीने ब्रेकचा असा वापर जगासमोर आणला, आणि आज विश्वस्पर्धेच्या सर्वोच्च गटात, म्हणजे मोटोजीपीत, त्याशिवाय कोणी टिकू शकत नाही.

या तंत्राचा एक लाभ शर्यतीबाहेरही आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. ज्याने वळणात शिरताना ब्रेकवर हलका स्पर्श राखलेला आहे, त्याला वळणाआड अचानक गुरांचा कळप किंवा रस्त्यावर बसलेली वानरे दिसली तर ब्रेक नव्याने शोधावा लागत नाही. दाब थोडा वाढवणे एवढेच त्याचे काम उरते. ऐन वळणात दचकून लागणारा दिवा ज्यांचा असतो, त्यांना नेमके हेच साधलेले नसते. अर्थात कललेल्या गाडीत ब्रेक जोरात दाबण्याचा परवाना या तंत्राने मिळत नाही, आणि ओल्या घाटात नवशिक्याने त्याचे प्रयोग करू नयेत.

मूठ उघडताना

ब्रेकची चूक बहुधा पुढचे चाक घेऊन जाते व रायडर गाडीसोबत घसरत बाहेर पडतो. थ्रॉटलची चूक अधिक क्रूर असते. वळणातून बाहेर पडताना मूठ घाईने उघडली की मागचा टायर कडेला सरकू लागतो. घाबरून मूठ एकदम बंद केली की तो टायर पुन्हा पकड घेतो, आडवी झालेली गाडी झटक्याने सरळ होते आणि रायडरला हवेत भिरकावते. याला हायसाइड म्हणतात. २००१ पर्यंत विश्वस्पर्धेचा सर्वोच्च गट ज्या ५०० सीसी टू-स्ट्रोक गाड्यांचा होता, त्यांची ताकद एका ठरावीक फेऱ्यांपाशी एकदम उसळत असे, त्यामुळे त्या काळातले रायडर हायसाइडच्या भीतीखालीच वावरत.

अमेरिकन प्रशिक्षक कीथ कोड यांनी, ज्यांच्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलची शिबिरे चेन्नईच्या सर्किटवरही झालेली आहेत, थ्रॉटलचा नियम मोजक्या शब्दांत बसवला: एकदा मूठ उघडली की वळण संपेपर्यंत ती समान, सलग आणि मृदू गतीने उघडतच राहावी. त्यामागचा विचार असा की वळणात गाडीचे वजन पुढे चाळीस व मागे साठ टक्के असे राहिले तर दोन्ही टायर आपापल्या रुंदीच्या प्रमाणात भार उचलतात, आणि हलकासा सतत वाढणारा थ्रॉटल हे प्रमाण राखतो. वळणात मूठ सोडणे म्हणजे ब्रेक न लावता वजन पुढे ढकलणे होय. हे वाचायला सोपे वाटते, पण सामान्य गाडीवर त्याच्या आड दोन बारीक अडचणी येतात: मुठीतला मोकळा खेळ आणि साखळीतला ढिलेपणा. या दोहोंमुळे मूठ फिरवल्यावर क्षणभर काहीच घडत नाही आणि मग धक्का बसतो. परतवाड्याच्या गॅरेजांत थ्रॉटलची वायर तेल न मिळाल्याने आतून खरबरीत झालेली, मूठ सोडली तरी रेस उतरत नाही अशी गाडी नेहमीच पाहायला मिळते; तिच्या मालकाला या दोषाची सवय झालेली असते, आणि वायर बदलण्याचा खर्च त्याच्या पेट्रोलच्या एका टाकीहूनही कमी असतो.

मागच्या ब्रेकचे महत्त्व शर्यतीत कमी असते असा समज आहे, पण तो अर्धवट आहे. ऑस्ट्रेलियाचा मिक डूहन १९९२ साली असेनच्या सर्किटवर पडला, त्याच्या उजव्या पायाला इतकी गंभीर इजा झाली की पुढे त्याला पायाने ब्रेक दाबणे जमेना. तेव्हा डाव्या मुठीपाशी अंगठ्याने दाबायचा मागचा ब्रेक बसवण्यात आला, आणि डूहनने १९९४ ते १९९८ अशी सलग पाच विश्वविजेतेपदे मिळवली. पायापेक्षा अंगठा अधिक नाजूक काम करतो, शिवाय उजव्या वळणात पूर्ण कललेल्या गाडीवर पाय ब्रेकपर्यंत पोहोचत नाही पण अंगठा पोहोचतो, हे इतरांच्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला. आज मोटोजीपीच्या अनेक गाड्यांवर अंगठ्याचा ब्रेक दिसतो. त्याचे काम गाडी थांबवण्याचे कमी आणि उघडत्या थ्रॉटलवर अंकुश ठेवण्याचे, पुढचे चाक उचलू न देण्याचे व गाडी वळणात आत ओढून घेण्याचे जास्त असते.

उष्णतेचा हिशेब

ब्रेक वेग नाहीसा करीत नाही, तो वेगाची उष्णता करतो. मोटोजीपीच्या गाडीचे वजन किमान १५७ किलो असावे लागते. इंधन आणि पूर्ण पोशाखातला रायडर धरून ते २४० किलोच्या आसपास जाते. ताशी ३४० किलोमीटर वेगातली अशी गाडी ताशी ९० पर्यंत आणायची म्हणजे सुमारे दहा लाख ज्यूल ऊर्जा पाचेक सेकंदांत जिरवायची, आणि त्यासाठी सव्वातीनशे मीटरच्या आसपास रस्ता लागतो. म्हणून त्या गाड्यांच्या पुढच्या चाकावर कार्बनच्या डिस्क असतात. त्या थंड असताना धड पकडतही नाहीत, अडीच-तीनशे अंश तापल्यावर कामाला लागतात, आणि आठशे अंशांच्या पुढे गेल्या की पुन्हा बिघडू लागतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातील रेड बुल रिंगवर माव्हेरिक विन्यालेसचे ब्रेक तापून निकामी झाले, तेव्हा त्याने ताशी दोनशेहून अधिक वेगात चालत्या गाडीवरून मागे उडी टाकली. गाडी पुढे जाऊन कडेच्या हवाभरल्या भिंतीवर आदळली आणि पेटली, विन्यालेस मात्र उठून चालू लागला.

आता चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरणारी साधी १०० सीसीची गाडी घेऊ. दोन माणसे, मागे एखादी पिशवी, एकूण वजन २७० किलो, उतार सातशे मीटरचा. या उतरणीत जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती साडेअठरा लाख ज्यूलच्या घरात जाते, म्हणजे विश्वविजेत्याच्या गाडीने एका अवघड वळणावर जिरवलेल्या ऊर्जेच्या जवळजवळ दुप्पट. फरक वेळेचा आहे, पाच सेकंदांऐवजी पाऊण तासाचा, आणि हवेचा विरोधही आपला वाटा उचलतो. पण मोटोजीपीच्या गाडीला त्यासाठी कार्बनच्या उघड्या डिस्क असतात, तर या गाडीच्या मागच्या चाकात आहे एक बंद डबा, ज्याला ड्रम म्हणतात, आणि त्यात दोन अर्धगोल लायनर. सारा घाट ज्याचा लाल दिवा विझत नाही, त्याची बहुतांश ऊर्जा या डब्यात कोंडली जाते. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरपासून दूर जातो, लायनरमधला चिकट बांधणीचा पदार्थ पृष्ठभागावर येतो, आणि पेडल नेहमीइतके दाबले तरी गाडी थांबत नाही. गॅरेजमध्ये असे चाक उघडले की काळ्या भुकटीखाली लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झालेला दिसतो आणि जळकट वास येतो. मिस्त्री तो पॉलिश पेपरने घासून पुन्हा खरबरीत करून देतो, क्वचित नवीन लायनर सुचवतो, आणि गाडी पुढच्या रविवारी पुन्हा घाटात जाते.

डिस्क ब्रेक उघड्यावर असल्याने लवकर निवतो, पण त्याचे मर्मस्थान वेगळे. त्यात लिव्हरचा दाब चाकापर्यंत नेणारे तेल हवेतला ओलावा शोषत राहते. डॉट-४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या तेलाची ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळले की त्यात बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि लिव्हर मुठीला टेकला तरी ब्रेक लागत नाही. मेळघाटच्या कडेच्या गावात, जिथे चार महिने हवाच ओली असते, हा धोका कागदावरचा नाही.

या ऊर्जेसाठी तिसरी वाट असते ती इंजिनाची. मूठ बंद असताना गिअरमधली गाडी इंजिनाला फिरवते आणि इंजिन तिला मागे खेचते. जितका खालचा गिअर, तितकी ओढ जास्त. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे हा ट्रकचालकांचा जुना दंडक त्यावरच आधारलेला आहे. शर्यतीत ही ओढ कधीकधी गरजेपेक्षा जास्त होते, मागचे चाक उड्या मारू लागते, म्हणून तिथे ठरावीक मर्यादेपुढे आपोआप घसरणारा स्लिपर क्लच असतो आणि इंजिनाची ओढ प्रत्येक वळणासाठी संगणकावर वेगळी बसवली जाते. न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा मात्र ही तिसरी वाट स्वतःच बंद करून टाकतो, आणि वर समजतो की पेट्रोल वाचवले. इंधन-इंजेक्शनच्या गाडीत तर तेवढेही वाचत नाही, कारण बंद मुठीने गिअरमध्ये उतरताना ती इंधन तोडते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पीत राहते.

चाकणचा ब्रेक

परतवाड्याच्या चौकात केटीएमची नारंगी रंगाची ड्यूक मोटारसायकल उभी दिसली तर तिच्या पुढच्या चाकाकडे निरखून पाहावे. कॅलिपरवर बायब्रे असे नाव असते. शर्यतीच्या ब्रेकमध्ये अग्रगण्य असलेल्या इटलीच्या ब्रेम्बो कंपनीने लहान व मध्यम गाड्यांसाठी काढलेली ही नाममुद्रा, आणि तिचे उत्पादन पुण्याजवळ होते. बजाजने २००७ मध्ये केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीत भागभांडवल घेतले, २०१२ च्या जानेवारीत चाकणला बनणारी २०० ड्यूक भारतीय बाजारात उतरली, आणि तीच केटीएम २०१७ पासून मोटोजीपीत पूर्ण संघानिशी उतरते. म्हणजे शर्यतीच्या वंशातले यंत्र महाराष्ट्रात तयार होते, वऱ्हाडातल्या संत्रा बागायतदाराच्या मुलाला हप्त्यावर मिळते, आणि ते चालवण्याची विद्या तेवढी सोबत येत नाही.

तिची जागा काही अंशी विजेच्या मेंदूने भरली आहे. १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१८ पासून, आणि जुन्या मॉडेलांना पुढच्या वर्षीपासून, एबीएस सक्तीचे झाले. त्याहून लहान गाड्यांसाठी दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस ही व्यवस्था आली. एबीएस चाक अडकू लागताच ब्रेकचा दाब क्षणभर सोडून पुन्हा लावते, आणि हे सेकंदाला अनेकदा करते. गंमत अशी की मोटोजीपीत एबीएसला परवानगी नाही. थ्रॉटलच्या बाजूला चाकाची घसर आवरणारे ट्रॅक्शन कंट्रोल चालते, २०१६ पासून सर्व संघांना एकच ठरावीक संगणक व प्रणाली वापरावी लागते, परंतु ब्रेकची जबाबदारी पूर्णपणे बोटांवर ठेवलेली आहे. त्यामुळे ब्रेक या एका बाबतीत परतवाड्यातला एबीएसवाला तरुण विश्वविजेत्यापेक्षा अधिक सुरक्षित यंत्रावर बसलेला असतो. फक्त साधे एबीएस गाडी किती कललेली आहे हे ओळखत नाही, आणि चुरीवर, मातीवर थांबण्याचे अंतर त्याने वाढूही शकते, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

मातीवर तर सगळे नियमच फिरतात. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २८ जानेवारी २०२४ रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली; मातीचे उंच उंचवटे रचलेल्या अशा मार्गावर रायडर गाडीसह हवेत असतो, तिथे टायरला पकड नावाचा प्रकारच नसतो, तरीही दोन्ही नियंत्रणे चालतात. हवेत मूठ उघडली की मागचे चाक जोराने फिरू लागते आणि प्रतिक्रियेने गाडीचे नाक वर येते. मागचा ब्रेक टेकवला की फिरते चाक थांबते आणि नाक खाली जाते. रायडर याच दोन हालचालींनी उतरण्याचा कोन साधतो.

शिकायचे कुठे

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील सर्किट, कोइंबतूरची करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जिथे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत मार्को बेझेकीने जिंकली, ही देशातली मुख्य ठिकाणे. वऱ्हाडातल्या तरुणाला ती सारखीच दूर. मग घाटालाच सर्किट समजले जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. कायदा आवश्यक आहेच. पण परवान्याच्या वेळी चालकाकडून संथ गतीत आठचा आकडा काढून घेण्यावर जितका भर दिला जातो, त्याच्या निम्मा तरी साठच्या वेगातून गाडी दोन्ही ब्रेकनी सरळ थांबवून दाखवण्यावर दिला गेला, तर दंडाच्या तरतुदीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल, असे मानायला जागा आहे. त्यासाठी सर्किट लागत नाही. तीनशे मीटरचा मोकळा, स्वच्छ पट्टा, चार शंकू आणि एक जाणता माणूस पुरतो. अचलपूर-परतवाड्यात महाविद्यालयांची मैदाने आहेत, बाजार नसलेल्या दिवशी रिकामे पडणारे आवार आहेत, आणि अनुभवी चालकही आहेत. एखाद्या क्रीडामंडळाने वर्षातून दोन रविवार यासाठी काढायला हरकत नसावी, आणि पहिला पावसाळ्याआधीचा असावा.

तोवर या दिवाळीच्या सुटीत चिखलदऱ्याला जाणाऱ्या वाचकांनी एवढे करावे: डिस्क ब्रेकचे तेल दोन वर्षांत बदललेले नसेल तर परतवाड्यातच बदलून घ्यावे, मागच्या ड्रमचे लायनर उघडून पाहावेत, मूठ सोडल्यावर रेस स्वतःहून उतरते का ते तपासावे, आणि येताना गाडी गिअरमध्ये ठेवावी.